उतावळेपणाचे माप

मोठ्या कुटुंबात मुलांच्या स्वभावाविषयीचे निकाल फार लवकर लागतात. थोरला शांत, मधला हट्टी, धाकटा उतावळा, असे एकदा आजीच्या तोंडून निघाले की काका, आत्या, मामी ह्या सर्वांच्या तोंडी तेच बसते, आणि पाचव्या वर्षी मिळालेली ही पदवी त्या मुलास पंधराव्या वर्षीही सुटत नाही. पेला सांडला तर ‘उतावळाच तो!’, गणित चुकले तर ‘उतावळेपणाने चुकले’, आणि एखादे दिवशी तो स्वस्थ बसला तर ‘आज अंगात कसर तर नाही ना?’ अशी चौकशी होते. शिक्षकवर्गही ह्या बाबतीत मागे नाही. ‘बुद्धी चांगली, परंतु उतावळा’ हा शेरा प्रगतिपुस्तकांवर किती हातांनी लिहिला असेल, त्याची गणती करणे कठीण.

ज्या दोषाचा शिक्का आपण इतक्या सहज मारतो, तो दोष नेमका कोणता, आणि तो मोजता येतो काय, हा प्रश्न ह्या महिन्यात वाचकांपुढे ठेवावा असे योजिले आहे. पाश्चात्त्य मानसशास्त्रज्ञ गेली साठ-सत्तर वर्षे हे मोजमाप करीत आले आहेत. त्यांच्या खटाटोपातून जे निष्पन्न झाले, ते घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी समजून घेण्याजोगे आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करू. संस्कृतात ‘सहसा’ म्हणजे एकाएकी, मागचापुढचा विचार न करता. त्याच कुळातील ‘साहस’ हा शब्द धर्मशास्त्रकार बळजोरीच्या अपराधास लावीत. मराठीत उतरताना ‘सहसा’चा अर्थ ‘बहुधा’ असा झाला, आणि ‘साहस’ तर चक्क स्तुतीचा शब्द होऊन बसला. म्हणजे ह्या वृत्तीस दोष म्हणावे की गुण, ह्याविषयी भाषेचेच मत कायम राहिलेले नाही. शिवाय मराठीत अधीर, चंचल, अविचारी, धसमुसळा, हावरा असे निरनिराळे शब्द असताना आपण त्या सर्वांस ‘उतावळा’ ह्या एकाच पिशवीत कोंबतो.

पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रास ‘अपरीक्षितकारक’ असे नाव आहे. परीक्षा केल्यावाचून केलेले कृत्य, असा त्याचा भाव. त्यातील ब्राह्मणी व मुंगूस ह्यांची कथा बहुतेकांस ठाऊक असेल. मुंगसाच्या तोंडास रक्त दिसताच त्याने आपले मूल मारले असे समजून तिने पाण्याची घागर त्याच्यावर टाकली, आणि घरात जाऊन पाहते तो मूल सुखरूप व शेजारी साप मरून पडलेला! आता असे पाहा की, ह्या बाईचा उतावळेपणा आणि नैवेद्य होण्यापूर्वीच ताटातील मोदक उचलणाऱ्या मुलाचा उतावळेपणा हे एकच काय? त्या बाईस कसलाही लोभ नव्हता. तिने पुरावा न तपासता निकाल दिला. मुलास पुराव्याची मुळीच वाण नाही. मोदक गोड असतो हे त्यास पक्के ठाऊक आहे. त्यास धीर धरवत नाही, एवढेच. आणि गुरुजींचा प्रश्न पुरा होण्यापूर्वीच उत्तर ओरडून देणारा विद्यार्थी ह्या दोहोंहून निराळा, तिसराच. तिघांस शब्द मात्र एकच.

हे मोजावयास निघालेल्या शास्त्रज्ञांनी स्थूलमानाने तीन वाटा धरल्या: विचारून पाहणे, घड्याळ लावून पाहणे आणि मोह घालून पाहणे.

पहिली वाट प्रश्नावलीची. अर्नेस्ट बॅरट ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली अशी एक प्रश्नावली रचली. तिची अकरावी सुधारलेली आवृत्ती १९९५ साली प्रसिद्ध झाली, व ती पुढे जगभर वापरली गेली. तीत ३० विधाने आहेत. आपण कामे आधी आखून करतो की कसे, विचार न करता बोलून जातो की कसे, अशा तऱ्हेच्या प्रत्येक विधानापुढे ‘क्वचित’ पासून ‘जवळजवळ नेहमी’ पर्यंत १ ते ४ गुण मांडावयाचे. म्हणजे एकूण गुण ३० हून कमी नाहीत व १२० हून अधिक नाहीत. लक्ष एके ठिकाणी न ठरणे, विचारापूर्वी हातपाय हलणे आणि पुढचा बेत न आखणे, असे तीन भाग त्यात पाडलेले आहेत. पुढे २००१ साली व्हाइटसाइड आणि लिनम ह्या दोघांनी अशा अनेक प्रश्नावल्या एकत्र करून चाळणी लावली. तेव्हा एका नावाखाली चार वेगळ्या वृत्ती नांदत असल्याचे त्यांस आढळले: भावनेच्या भरात कृती करणे, आधी विचार न करणे, हाती घेतलेले काम तडीस न नेणे आणि नावीन्याची व धोक्याची आवड. प्रश्नावलीची सोय मोठी, परंतु तीत एक अडचण आहेच. मनुष्याने स्वतःस ओळखलेले असावे, असे ती गृहीत धरते. आणि उतावळ्या मनुष्याने ती प्रश्नावलीही उतावळेपणानेच भरली तर काय करावे?

म्हणून दुसरी वाट निघाली ती घड्याळाची. हार्वर्ड विद्यापीठाच्या जेरोम केगन ह्यांनी १९६० नंतरच्या दशकात मुलांसाठी चित्रांची एक परीक्षा तयार केली. वर एक चित्र, खाली त्याच्यासारखी सहा; त्यांपैकी वरच्याशी तंतोतंत जुळणारे एकच. मुलाने पहिले बोट किती वेळाने ठेवले व चुका किती केल्या, हे टिपून ठेवावयाचे. लवकर बोट ठेवून पुष्कळ चुकतो तो उतावळा. वेळ घेऊन थोडे चुकतो तो विचारी. परंतु वर्गात लवकर बोट ठेवून अचूक उत्तर देणारीही मुले असतात, आणि सावकाश विचार करून चुकणारीही असतात, हे कोणताही शिक्षक सांगेल. त्यांस कोणत्या रकान्यात घालावे?

ह्याहून सूक्ष्म युक्ती लोगन आणि कोवन ह्यांनी १९८४ साली मांडली. पडद्यावर बाण दिसला की त्या दिशेची कळ दाबावयाची. मात्र मधूनमधून बाणापाठोपाठ एक इशारा येतो, तो ऐकताच निघालेला हात आवरावयाचा. इशारा जितका उशिरा, तितके आवरणे कठीण. तो पुढेमागे करीत अशा ठिकाणी आणून ठेवतात की, मनुष्य निम्म्या वेळा स्वतःस आवरू शकतो व निम्म्या वेळा फसतो. त्यावरून मनाचा लगाम ओढला जाण्यास किती काळ लागतो, ह्याचे गणित मांडता येते. निरोगी तरुण माणसांत हा काळ सेकंदाच्या पाव भागाच्या आसपास भरतो.

तिसरी वाट मोहाची. आज ५४ डॉलर घेता की ११७ दिवस थांबून ५५ डॉलर घेता? असे २७ प्रश्न विचारणारी एक यादी कर्बी व त्यांचे सहकारी ह्यांनी १९९९ साली वापरली. पेढीवाला मुदतीच्या हुंडीवर कटमिती कापून घेतो, त्याप्रमाणे लांबणीवर पडलेल्या सुखावर मनुष्याचे मन किती कटमिती कापते, हे त्यातून निघते. हेरॉइनच्या व्यसनात सापडलेली माणसे इतरांपेक्षा पुष्कळ अधिक कटमिती कापतात, असे त्यांस दिसून आले. व्यसनांच्या अभ्यासात ह्या मापाचा तेव्हापासून चांगला उपयोग होत आला आहे.

आता खरा प्रश्न असा: ही तीन मापे एकमेकांशी जुळतात काय? एकच कापड तीन गजांनी मोजले असता लांबी सारखी भरली पाहिजे. मेलिसा सायडर्स व त्यांच्या सहकारी ह्यांनी २०११ साली २७ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून हेच तपासले. एकीकडे प्रश्नावल्या, दुसरीकडे प्रयोगशाळेतील कामे. दोन मापे पूर्ण जुळली तर सहसंबंधाचा आकडा १ येतो, मुळीच न जुळली तर शून्य. त्यांस सरासरी आकडा मिळाला तो सुमारे ०.१० इतका! म्हणजे प्रश्नावलीत उतावळा ठरलेला मनुष्य कळ दाबण्याच्या परीक्षेत उतावळा ठरेलच, असे मुळीच सांगता येत नाही. पुढे २०१८ साली हेज, पॉवेल व समनर ह्यांनी आणखी एक गोम दाखवून दिली. प्रयोगशाळेतील अशी कित्येक कामे तीच माणसे तीन आठवड्यांनी पुन्हा करू लागली, तेव्हा त्यांचे आपसांतील क्रमांक बरेच बदलले. ही कामे मुळात सर्वसामान्य मनाचा व्यापार कळावा म्हणून रचलेली होती. रामा आणि गोविंदा ह्यांत अधिक उतावळा कोण, हे सांगण्यासाठी ती रचलेलीच नव्हती.

ह्या सर्वांत जी परीक्षा सर्वाधिक गाजली, व जिच्यामुळे पुष्कळ आईबापांच्या जिवास घोर लागला, तिची हकीकत आता सांगतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातील बिंग बालशाळेत वॉल्टर मिशेल ह्यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून चार-पाच वर्षांच्या मुलांवर हे प्रयोग केले. मिशेल जन्माने व्हिएन्नाचे. त्यांचा जन्म १९३० सालचा. २०१८ साली ते वारले. प्रयोग साधा होता. मुलास एका खोलीत बसवावयाचे, त्याच्यापुढे मार्शमॅलो नावाची पांढरी, मऊ, फुगीर मिठाई किंवा त्याच्या आवडीचा दुसरा खाऊ ठेवावयाचा आणि सांगावयाचे, ‘मी बाहेर जाऊन येतो. मी आपण होऊन परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील. थांबवेनासे झाले तर ही घंटा वाजव, मी लगेच येईन. पण मग एकच मिळेल.’ थांबण्याची सीमा बहुधा १५ मिनिटे.

मिशेल ह्यांचा मूळ हेतू मुलांची प्रतवारी लावण्याचा नव्हता. धीर कशाने टिकतो व कशाने सुटतो हे त्यांस पाहावयाचे होते. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात खाऊ नजरेआड ठेवला तेव्हा मुले सरासरी ११ मिनिटांहून अधिक थांबली. समोर उघडा ठेवला तेव्हा एखाद-दोन मिनिटांतच घंटा वाजली. पुढे १९७५ सालच्या प्रयोगात असे दिसले की, समोरची मिठाई म्हणजे पांढरा ढग किंवा कापसाचा गोळा आहे अशी कल्पना करावयास सांगितले असता मुले अधिक थांबतात, व तिच्या गोडीचा विचार करावयास सांगितले तर लवकर हरतात. म्हणजे तेच मूल, तोच खाऊ. परिस्थिती पालटली की धीरही पालटतो. हा ह्या प्रयोगांचा सर्वांत मोलाचा बोध होता, आणि लोकांनी नेमका तोच विसरला!

लोकांच्या ध्यानात राहिला तो १९९० सालचा निबंध. जी मुले बालपणी अधिक थांबली होती, त्यांस पुढे महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेत अधिक गुण मिळाले, असे त्यात दिसून आले. डॅनिएल गोलमन ह्यांनी १९९५ सालच्या आपल्या भावनिक बुद्धिमत्तेवरील पुस्तकात ही गोष्ट लिहिली, आणि ती सर्वतोमुखी झाली. मिठाईपुढची पंधरा मिनिटे म्हणजे जणू मुलाची जन्मपत्रिकाच! वास्तविक ज्या मुख्य गटावरून तो आकडा काढला होता, त्यात अवघी ३५ मुले होती. तीही बहुतेक विद्यापीठाशी संबंध असलेल्या सुशिक्षित घरांतील. संख्या लहान असल्यामुळे संबंध वाजवीपेक्षा मोठा दिसत असेल, हे स्वतः निबंधकारांनीच बजावून ठेवले होते. पण बजावणी कोण वाचतो?

त्यानंतर २०१८ साली वॉट्स, डंकन व क्वान ह्या तिघांनी ९०० हून अधिक मुलांच्या माहितीवरून हेच पुन्हा तपासले. ह्या वेळी थांबण्याची सीमा ७ मिनिटांची होती. थांबणे आणि पंधराव्या वर्षीची शालेय प्रगती ह्यांतील संबंध पूर्वीच्या निम्माच भरला. आणि घरची स्थिती, आईबापांचे शिक्षण, लहानपणीची समज ह्यांचा हिशेब वजा केल्यावर त्यातलाही दोन-तृतीयांश नाहीसा झाला. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीच मंडळी सव्विसाव्या वर्षी कशी आहेत ते पाहिले, तेव्हा बालपणीच्या त्या काही मिनिटांवरून प्रौढपणाविषयी भरवशाचे असे काही सांगता येत नाही, असे ठरले.

परंतु माझ्या मते ह्याहूनही विचार करावयास लावणारा प्रयोग सेलेस्ट किड व त्यांचे सहकारी ह्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केला. किड बाईंनी तारुण्यात बेघर कुटुंबांच्या निवाऱ्यात काम केलेले होते. जेथे हातातली वस्तू केव्हा कोण हिसकावून नेईल ह्याचा नेम नाही, तेथील मूल दुसऱ्या मिठाईची वाट का पाहील, हा विचार त्यांच्या मनात आला. त्यांनी २८ मुले घेतली व त्यांचे दोन गट केले. प्रत्येकास चित्र काढावयास झिजलेले रंगखडू देऊन सांगितले, ‘थोडे थांब, याहून चांगले आणून देते.’ एका गटास खरोखरीच चांगले रंग आणून दिले. दुसऱ्या गटास ‘नाहीत बरे का, ह्यांनीच चालवून घे,’ असे सांगितले. मग चिकटचित्रांच्या बाबतीत पुन्हा तसेच केले. त्यानंतर मिठाईची परीक्षा घेतली. ज्यांस दिलेला शब्द पाळला गेला होता, ती मुले सरासरी १२ मिनिटे थांबली. ज्यांस दोन वेळा फसविले गेले होते, ती ३ मिनिटे. पहिल्या गटातील १४ पैकी ९ मुलांनी पुरी १५ मिनिटे काढली. दुसऱ्या गटातील १४ पैकी एकानेच.

ह्या आकड्यांचा अर्थ नीट मनात घ्यावा. दुसऱ्या गटातील मुले जात्याच उतावळी नव्हती. अर्ध्या तासापूर्वी ती पहिल्या गटासारखीच होती. मधल्या वेळात त्यांस एवढेच शिकावयास मिळाले की, ह्या मोठ्या माणसांच्या बोलण्यावर विसंबण्यात अर्थ नाही. मग पुढ्यातला खाऊ खाऊन टाकणे हा अविचार की व्यवहार? ह्या प्रयोगातील घड्याळाने जे मोजले त्यात मुलाचा धीर होताच, पण वडिलांच्या शब्दाची किंमतही होती.

सवयीचाही भाग ह्यात मोठा असतो. जपानमधील व अमेरिकेतील मुलांची तुलना यानाओका व त्यांचे सहकारी ह्यांनी २०२२ साली प्रसिद्ध केली. जपानी मुले खाऊसाठी पुष्कळ वेळ थांबली, पण कागदात गुंडाळलेली भेटवस्तू उघडावयास फार थांबली नाहीत. अमेरिकन मुलांचे नेमके उलट झाले. कारण उघड आहे. जपानात सर्वांची पाने वाढून होईपर्यंत थांबण्याची शिस्त आहे. अमेरिकेत वाढदिवसाची व नाताळाची भेट वेळ येईपर्यंत न उघडण्याची. आपल्याकडेही पंगतीत वाढप पुरे होईपर्यंत पानास हात न लावणारी मुले पतंगाच्या मांजासाठी किती थांबतात, हे प्रत्येकाने आपल्या घरी पाहून घ्यावे.

ह्यावर कोणी म्हणेल, तर मग हे मोजमाप सारे फोल समजावयाचे काय? तसे नव्हे. पुष्कळ लोकांच्या समूहाचा विचार करताना, एखाद्या औषधाचा वा उपचाराचा गुण पाहताना, व्यसनाचे स्वरूप उमगून घेताना ह्या मापांचा उपयोग निश्चित आहे. चूक होते ती समूहाचे माप एकट्या मुलाच्या कपाळी चिकटविण्यात. काही मुलांत चंचलता रोगाच्या पायरीपर्यंत जाते, हेही खरे, आणि त्यांस वैद्यकीय साहाय्य मिळालेच पाहिजे. तेथे आळस करू नये. परंतु अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या निदानपुस्तिकेतही अवधानदोष व अतिचंचलता ह्या विकाराचे निदान एका परीक्षेवर सोपविलेले नाही. लक्षणे निदान सहा महिने टिकलेली असावीत, त्यांतली काही वयाच्या बारा वर्षांपूर्वी दिसलेली असावीत, आणि घर व शाळा अशा दोन किंवा अधिक ठिकाणी दिसावीत, असा तिचा दंडक आहे. जे मूल घरी धसमुसळेपणा करते पण शाळेत शहाण्यासारखे वागते, त्याच्याविषयी मूळ प्रश्न घरास विचारावयाचा असतो.

शिवाय सगळी घाई वाईटच असेही नाही. स्कॉट डिकमन ह्यांनी १९९० सालीच उपकारक व अपकारक अशा दोन घाया वेगळ्या केल्या. तान्हे मूल पायरीवरून घसरू लागले असता जी आत्या विचार करीत बसत नाही, तिच्या तत्परतेस आपण उतावळेपणा म्हणत नाही. ‘साहस’ शब्दास मराठीत मान मिळाला, तो काही उगीच नव्हे.

तेव्हा वडीलधाऱ्यांनी एवढे करावे. मुलास उतावळा म्हणण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. कोणती घाई? मोहाची, रागाची, की उत्तर आधी येत असल्याची? कोठे व केव्हा? भुकेच्या वेळी, पाहुण्यांच्या गर्दीत, की सर्वकाळ? आणि तिसरी, अवघड पण मुख्य गोष्ट: ह्या घरात मुलास दिलेले शब्द पाळले जातात काय? ‘रविवारी नेईन’, ‘परीक्षा झाल्यावर घेऊन देईन’, ‘आधी मोठ्यांचे होऊ दे, तुझ्यासाठी राखून ठेवले आहे’ असे एकत्र कुटुंबात दहा तोंडांनी सांगितले जाते, आणि त्यातले किती खरे होते ह्याचा हिशेब मूल मनात ठेवीत असते. आजोबांनी राखून ठेवलेला लाडू संध्याकाळी डब्यात खरोखर सापडला, तर दुसऱ्या दिवशी ते मूल थांबावयास तयार होते. लाडू चुलतभावाच्या पोटात गेलेला आढळला, तर पुढल्या खेपेस ते थांबणार नाही. आणि आपण त्यास उतावळा म्हणू. जमल्यास खाऊचा डबाही नजरेआड ठेवावा. १९७० सालच्या त्या प्रयोगात एवढ्यानेच एकाची अकरा मिनिटे झाली होती.

पाचव्या तंत्रातील त्या ब्राह्मणीने मुंगसाचे तोंड पाहिले. घरात जाऊन पाळणा पाहिला नाही. मुलाचे एक दिवसाचे वागणे पाहून त्याच्या जन्माचा निकाल देणारा वडील मनुष्य त्याहून निराळे काय करतो? उतावळेपणाचे माप घेताना तरी थोडा धीर धरावा, ही सर्व वडीलधाऱ्यांस विनंती.